कोणी नसलं तरी चालेल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला आणि डिप्लोमाला. (डिप्लोमा म्हणजे आमच्या कॉम्प्युटर विभागात उन्हाळ्यात आलेली मुलगी. तिच्याकडे डिप्लोमा आहे. मी दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं. कॉलेजने मला नव्हे, मी कॉलेजला. निकाल लागायच्या आधीच ठरवलं होतं.)

मालक म्हणाले, तुमच्या विभागाचे जुने साहेब महिनाअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी तुमच्यातल्या एकाला कायम करायचं. दुसऱ्याचं काय ते बघू. ‘बघू’ म्हणताना ते डिप्लोमाकडे बघत होते. मी नोंद घेतली.

मग खरं दुखणं सांगितलं. आमचा छापखाना खोक्यांचा. औषधं, साबण, बूट, सगळ्यांची पुठ्ठ्याची खोकी आम्ही छापतो. खोक्यांची चित्रं तिसऱ्या मजल्यावरचे डिझाइनवाले काढतात. ती साठवणारा सर्व्हर तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, गोंदाच्या पिंपांशेजारी. खाली एक स्विच (दिव्याचं बटण नव्हे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी), वर एक स्विच, आणि मध्ये एक केबल. सगळा तिसरा मजला त्या एका केबलमधून श्वास घेतो. सकाळी सगळ्यांनी एकदम फायली उघडल्या की वर बोंबाबोंब.

मी ताबडतोब म्हणालो, भिंतीतून दुसरी केबल टाकलेली आहेच, ती नुसती पडून आहे. दोन्हींचा ग्रुप करतो. दोन्ही स्विचना सांगायचं की बाबांनो, या दोन नाहीत, एकच आहे असं समजा. याला लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. वेग दुप्पट.

डिप्लोमा म्हणाली, सर, दुप्पट असं नाही म्हणता येणार, म्हणजे ते जरा...

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. मालकांसमोर सहकाऱ्याचं अज्ञान उघडं पडू नये. मालक म्हणाले, ठीक आहे, कर तू.

तूच कर, असं नाही म्हणाले. पण अर्थ तोच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताईच्या घरी हॉलमध्ये झोपतो. तात्पुरतं. गेली तीन वर्षं तात्पुरतं. सकाळी भाऊजींचा चहा व्हायच्या आत गादी गुंडाळून सोफ्यामागे उभी करायची असते. पुढच्या महिन्यात भाऊजींच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या इथे येणार आणि हॉलमध्ये राहणार. ताई मला काहीच बोललेली नाही. काल फक्त सोफ्यामागची जागा वितीने मोजत होती.

कायम झालो की खोली घेईन. एकच खुर्ची ठेवीन, पण चांगली.

भाऊजी त्याच छापखान्यात फोरमन आहेत. माझी नोकरी आपण लावली असं ते सांगतात. वस्तुस्थिती: त्यांनी फक्त मालकांच्या कानावर घातलं. अर्ज मी स्वतः लिहिला होता, एकही खाडाखोड नाही.

जेवताना म्हणाले, काय इंजिनिअर, दोन वायरींचं लग्न लावतोयस म्हणे? मुलीकडचे तयार आहेत का? ताईने वाढता वाढता डोळे वटारले. मी शांतपणे सांगितलं की केबल म्हणतात, वायर नाही. भाऊजी म्हणाले, बरं, केबलच्या लग्नाला आहेर काय आणू?

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून स्विचचं मॅन्युअल वाचणे. पहिल्या पानापासून. भाऊजींना उत्तर न देणे.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे उठलो नाही. रात्रभर मॅन्युअलचा विचार केल्याने झोप झाली नव्हती. एका अर्थी वाचल्यासारखंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा संपूर्ण दिवस लेबलांना दिला. लोक आधी केबल लावतात, मग लेबल. मी उलट. दोन्ही टोकांना छापील अक्षरात लेबल, वर पारदर्शक टेप, टेपच्या कडा कात्रीने सरळ. एक लेबल किंचित तिरकं झालं म्हणून चारही पुन्हा केली.

ग्रुपला नाव द्यावं लागतं. ‘एकता’ सुचलं. जुने साहेब म्हणाले, अरे बाळा, नाव ‘एक’ ठेव आणि मोकळा हो. मी म्हणालो, एक हे नाव नाही, आकडा आहे. ते म्हणाले, स्विचला काय कळतंय? याच वृत्तीमुळे हा माणूस आयुष्यभर जिन्याखाली बसला.

डिप्लोमाने विचारलं, दोन्ही टोकांची सेटिंग कागदावर काढलीस का, बघू. सांगितलं, डोक्यात आहे. म्हणाली, मग डोकं दे. जुने साहेब हसले. त्यांना मोतीबिंदू आहे, पण हसायला अडचण येत नाही.

तिने मला ‘तू’ म्हणणं मला पटत नाही. अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

९ नोव्हेंबर, रविवार

कार्य सिद्धीस गेलं.

छापखाना बंद होता. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं. एकटा होतो. मोठी कामं एकट्यानेच होतात.

प्रथम एक अडथळा दूर केला. स्विचमध्ये एक संशयी सोय असते. दोन स्विचमध्ये दोन केबल दिसल्या की तिला वाटतं डेटा एकीतून जाऊन दुसरीतून परत येईल आणि गरगर फिरत राहील. म्हणून ती दुसरी केबल बंदच करून ठेवते. आपण चांगलं करायला जावं आणि यांनी आधीच वाईट समजावं. दोन्ही स्विचमध्ये ती बंद केली.

मग ग्रुप. दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलून ग्रुप जमवायचा, अशी पद्धत निवडली. यात प्रत्येक टोकाला स्वभाव द्यावा लागतो. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे जे आपण होऊन बोलायला लागतं. पॅसिव्ह म्हणजे समोरच्याने बोलावलं तर उत्तर देतं. मॅन्युअलमध्ये पुढे आणखी परिच्छेद होता, पण मला विचार करावा लागला नाही. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलंय, कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली.

दोन्ही केबल लावल्या. खाली दिवे हिरवे. धावत वर गेलो. वरही हिरवे. पुन्हा खाली येऊन पाहिलं, अजून हिरवे. वरचे सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद खोलीत असल्याने आणखी तपासणी शक्य नव्हती, आणि गरजही नव्हती. हिरवा तो हिरवाच.

घरी येताना खोल्यांच्या जाहिराती पाहिल्या. एका खोलीला बाल्कनी आहे. बाल्कनीचं काय करायचं ते ठरवायला हवं.

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहिण्याची इच्छा नाही. तरी वस्तुस्थिती नोंदवतो.

सकाळी तिसऱ्या मजल्यावर काहीच चालेना. हळू नव्हे. काहीच नाही. डिझाइनच्या प्रमुख, ज्यांना सगळे वरच्या बाई म्हणतात, त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, कालपर्यंत आम्ही रखडत होतो, आज सुट्टी दिलीत, आभारी आहे.

मी दिव्यांकडे बोट दाखवलं. हिरवे होते. बाई म्हणाल्या, दिवे बघायला मी दिवाणखान्यात बसले असते.

डिप्लोमाने विचारलं, अ‍ॅक्टिव्ह कोण आहे? सांगितलं, कोणीच नाही, दोन्ही पॅसिव्ह. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. ती गोंदाच्या पिंपावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, अरे, दोघंही वाट बघत बसलेत. कालपासून. ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, आधी तुम्ही’. कोणीतरी पहिलं बोलायला नको का?

मग तिने माझ्याच उघड्या स्क्रीनवरून खालच्या स्विचवर एक शब्द बदलला. एकच. तोवर बाई परत वर गेल्या होत्या; जिन्यातून त्यांचा आवाज आला, आलं, आलं!

म्हणजे काम मीच केलेलं होतं. फक्त एक शब्द राहिला होता. हजार शब्दांच्या निबंधात एक शब्द दुसऱ्याने घातला म्हणून निबंध त्याचा होत नाही.

मॅन्युअलमधला तो पुढचा परिच्छेद नंतर वाचला. त्यात नेमकं हेच होतं. इतकी महत्त्वाची गोष्ट पानाच्या तळाशी लिहिणाऱ्याला काय म्हणावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मालकांनी स्वतः चाचणी घेतली. तिसऱ्या मजल्यावर बसून साबणाच्या खोक्याची सर्वांत जड फाईल सर्व्हरवरून ओढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पूर्वीही इतकाच वेळ लागायचा. दुप्पट कुठे गेलं?

मी म्हणालो, सर, केबल नवीन आहे, रुळायला वेळ लागेल.

डिप्लोमा पुढे झाली. सर, खोलीला दोन दारं केली म्हणून एक माणूस दोन्ही दारांतून एकदम जात नाही. तो एकाच दाराने जाणार, नेहमीच्याच चालीने. पण सकाळी गर्दी असेल तेव्हा धक्काबुक्की कमी होईल. एक फाईल बघू नका, सकाळी सगळ्यांना विचारा.

मालकांनी मान डोलवली. वरच्या बाई म्हणाल्या, हो, आज सकाळी खरंच ओरडावं लागलं नाही.

दारांचं उदाहरण माझ्याही डोक्यात होतं. मी खिडक्या घेणार होतो.

जिन्यात डिप्लोमा म्हणाली, वाईट नको वाटून घेऊ, ग्रुप चांगला जमलाय. आणि ती बंद केलेली सोय पुन्हा चालू कर आठवणीने. मी ‘हो’ म्हणालो. हुकूम सोडायची सवय लागली आहे तिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर एकच गोष्ट खुपते आहे. माझ्या ग्रुपमध्ये तिचा शब्द आहे.

उद्या कायम करायची वेळ आली की मालक विचारणार, हे कोणी केलं? मी ‘मी’ म्हणणार आणि ती पिंपावर बसून हसणार. वस्तू एकहाती असावी. सुताराने टेबल केलं आणि एक पाय शेजाऱ्याने बसवला तर त्याला काय अर्थ आहे.

ठराव: ग्रुप पुसून पहिल्यापासून स्वतः करणे. या वेळी खालचं टोक अ‍ॅक्टिव्ह, हे आता मला स्वतःलाच माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत. कोणाला कळणारही नाही.

ती सोय अजून चालू केलेली नाही. सगळं एकदम करीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या विभागाच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेल्यावर आधी वरच्या आणि मग खालच्या स्विचवरचा ग्रुप पुसला. दोन्ही केबल जागच्या जागी होत्या. लेबलं सुरेख दिसत होती.

आणि काय सांगू, दिवे! सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे एका तालात, इतके जलद की डोळ्यांना एकच उजेड दिसावा. अशी चपळाई मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, तिचा शब्द निघाला आणि बघा कसा वेग आला. दोन पावलं मागे सरून पाहत राहिलो.

मग मशीनच्या बाजूने कोणीतरी ओरडलं.

मशीन थांबली होती. एक नव्हे, सगळ्या. त्यांना कामाचे आकडे सर्व्हरकडून येतात. ते येईनात, सर्व्हर कोणाला ओळखेना, फोनही बंद. डिप्लोमा हातातला घास तसाच घेऊन धावत आली, दिव्यांकडे पाहिलं आणि एक केबल उपटून काढली. माझ्या लेबलसकट. दिवे शांत झाले.

तो वेग नव्हता. दोन केबलमधून तोच तो डेटा गोल गोल फिरत होता, घाण्याच्या बैलासारखा, दुसऱ्या कोणाला वाट न देता. ती संशयी सोय हेच थांबवण्यासाठी असते म्हणे.

डिप्लोमाने आधी घास खाल्ला. मग माझ्या उघड्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढली आणि ग्रुप पुन्हा जमवला, सोय चालू केली.

भाऊजींच्या मशीनवर गोंद लावलेले पुठ्ठे तसेच अडकून वाळले. संध्याकाळपर्यंत ते पत्र्याच्या पट्टीने गोंद खरवडत होते. मी मदतीला गेलो. म्हणाले, नको, तू हात लावू नकोस, उरलेली मशीन चालू राहू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी ताईसमोर भाऊजी म्हणाले, लग्न लागलं हो तुझ्या भावाचं. वरात सगळ्या छापखान्यातून फिरली, आणि बाहेर पडलीच नाही. ताई म्हणाली, पुरे झालं. ते म्हणाले, पुरे कसं, नखांतून गोंद अजून निघाला नाही.

जुने साहेब मला म्हणाले, बाळा, मालकांकडे जा आणि सांगून टाक, माझ्याकडून झालं. ते रागावतील आणि विसरतील. मी ठरवलं, मालकांनी बोलावलं तर जाईन. आपण होऊन गेलो तर चूक होती असा समज होईल.

मालकांनी बोलावलं नाही.

दुपारी कळलं, डिप्लोमा जाऊन आली. त्यांना म्हणाली, आमच्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही. आमच्याकडून! चूक माझी एकट्याची होती. त्यातही हिला अर्धा वाटा हवा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताप. कारण: अतिश्रम. ताईने फोन करून मालकांना कळवलं. ते म्हणाले, आठवडाभर आराम करू दे, घाई नाही.

घाई नाही! यावरून माझ्यावरचा विश्वास दिसतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हॉलमध्ये पडून आहे. फोन उशाशी. काही अडलं तर त्यांना मलाच विचारावं लागणार, म्हणून आवाज मोठा ठेवला आहे.

अजून काही अडलेलं नाही.

ताई सूप घेऊन आली. विचारलं, कोणाचा फोन आला का रे? मी म्हणालो, सगळे कामात असतील. ती म्हणाली, हो ना. मग उगाच उशीचा अभ्रा सारखा केला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन बिघडला आहे की काय पाहण्यासाठी स्वतःच ऑफिसला लावला. पहारेकऱ्याने उचलला. म्हणाला, कोण बोलतंय? सांगितलं. म्हणाला, अरे हो, तुम्ही दिसला नाहीत इतक्यात. रजेवर का?

फोन उत्तम चालतो.

पडल्या पडल्या विचार करताना एक गोष्ट लख्ख कळली. मी एवढे दिवस नाही आणि तरी एकही गोष्ट बंद पडली नाही. याचा अर्थ काय? माझी मांडणी इतकी पक्की आहे की तिला माझीही गरज उरली नाही. कारागिरीची हीच कसोटी. हे मालकांच्या लक्षात आणून द्यायला हवं. इथे पॅसिव्ह राहून चालणार नाही. या वेळी मी पहिला बोलणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हजर झालो. वजन घटलंय, आत्मविश्वास वाढलाय.

आपण होऊन केबिनचं दार वाजवलं. मालकांना म्हणालो, सर, ग्रुपचा खरा फायदा तुम्ही अजून पाहिलाच नाही. वेग सोडा. मला प्रात्यक्षिक दाखवायची संधी द्या. ते म्हणाले, पुन्हा मशीन थांबणार का? म्हणालो, तेच तर दाखवायचं आहे. बुधवारी या म्हणाले.

डिप्लोमाने विचारलं, काय दाखवणार आहेस? मी सांगितलं नाही. ती म्हणाली, हे बघ, आता काही करूच नकोस. महिना संपेपर्यंत शांत बस. मी मालकांशी बोललेय.

काय बोललीस, हे मी विचारलं नाही. माझ्याविरुद्ध असणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विजय. निर्विवाद.

मालक जिन्याखालच्या खोलीत स्वतः आले. वरच्या बाई फोनवर, तिसऱ्या मजल्यावरून, सगळे कामात. मी पहिली केबल काढली. बाईंना विचारलं, काही थांबलं? म्हणाल्या, नाही. ती परत लावली, दिवा स्थिर होऊ दिला, आणि दुसरी काढली. बाई म्हणाल्या, काही नाही, चालू आहे, तुम्ही करताय तरी काय?

मालक हसले. मी इथे लागल्यापासून त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले, म्हणजे एक काढली तरी सगळं चालतं?

म्हणालो, सर, हेच या ग्रुपचं वैशिष्ट्य. काम दोघी करतात, पण एक गेली तर दुसरी सगळा भार उचलते. कोणाला कळतही नाही.

त्यांनी विचारलं, आणि बघायला कोणी नसलं तर?

म्हणालो, कोणी नसलं तरी चालेल सर. मी स्वतः आठवडाभर नव्हतो. काही थांबलं?

ते म्हणाले, नाही. खरंच नाही.

डिप्लोमा त्यांच्यामागे उभी राहून मान हलवत होती, डोळे मोठे करत होती, एकदा तर ओठांवर बोट ठेवलं. इतका उघड मत्सर मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मुद्दाम पुन्हा एकदा, तिच्याकडे बघून, ठासून सांगितलं, कोणी नसलं तरी.

मालकांनी पाठ थोपटली. म्हणाले, बरं झालं दाखवलंस. माझं ठरत नव्हतं.

बाल्कनीची खोली अजून रिकामी आहे. घरमालकिणीला रविवारी येतो म्हणून कळवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या साहेबांना निरोप. केक, फुलं, एक घड्याळ. मालक म्हणाले, यांची जागा आता ही सांभाळेल, आणि डिप्लोमाकडे हात केला. टाळ्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मग मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे, पण ती सोड. एक तारखेपासून येऊ नकोस. मी खरं तर गोंधळात होतो. ती माझ्या मागे लागली होती, दोघांनाही ठेवा, एक आजारी पडला तर दुसरा हवा. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण परवा तूच दाखवलंस ना.

मी म्हणालो, सर, ते केबलबद्दल होतं.

ते म्हणाले, हो, पण तुझा तो आठवडा केबलबद्दल नव्हता.

बाहेर डिप्लोमा उभी होती. म्हणाली, मी खुणा करत होते रे तुला. मी म्हणालो, अभिनंदन. ती काहीतरी बोलत होती, पण मी जिना उतरलो. तिने दोघांसाठी शब्द टाकला होता, हे आधी सांगायला काय झालं होतं?

मी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

३० नोव्हेंबर, रविवार

भाऊजींच्या आई आल्या. हॉलमध्ये त्यांचा पलंग लागला. माझी गादी आता स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात. तात्पुरती.

बाल्कनीच्या खोलीच्या मालकिणीचा फोन आला होता. उचलला नाही.

ताईला अजून सांगितलेलं नाही. त्यांची गडबड चालू आहे, आजारी माणसासमोर असले विषय नकोत. शिवाय नीट पाहिलं तर मला काढलेलं नाही. काम पूर्ण झालं म्हणून मी मोकळा झालो. आणि एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आलेली नाही. स्विचचा पासवर्ड मी ठेवला होता, आणि तो मला कोणी विचारलेला नाही. मीही सांगितलेला नाही. येतील. यावंच लागेल.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीच्या वेळी निघालो. ताई म्हणाली, डबा कुठाय तुझा, भरून देते. सांगितलं, ऑफिसातच आहे, आणि आता लागणार नाही. कायम माणसांना दुपारचं जेवण तिथेच मिळतं.

तिचा चेहरा फुलला. म्हणजे झालास? सांगितलं का नाहीस? आत जाऊन सासूबाईंनाही सांगून आली. भाऊजी बुटाच्या नाड्या बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला.

कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो. मी आधीच तयारी ठेवली होती, ते काय टोमणा मारतील, मी काय उत्तर देईन. ते म्हणाले, वाचनालय लवकर उघडतं. पंख्याखाली बस. आणि छापखान्याच्या दिशेने गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

वाचनालय. पंख्याखाली. फोनचा आवाज मोठा ठेवला म्हणून ग्रंथपाल बाईने दोनदा झापलं. तिला काय माहीत.

दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती. संध्याकाळी ताईने विचारलं, आज काय होतं ऑफिसात जेवायला? म्हणालो, चांगलं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

फोन आला!

डिप्लोमाचा. मुद्दाम लगेच उचलला नाही. वाजू दिला, बाहेर पायऱ्यांवर आलो, मग घाईत असल्यासारखा उचलला. म्हणालो, बोल, पासवर्ड ना?

म्हणाली, कुठला पासवर्ड?

म्हणालो, स्विचचा.

म्हणाली, तो तर तू आजारी होतास तेव्हाच बदलला. नवा कपाटावर लिहिलाय. अरे, त्याच कपाटासाठी फोन केला, ते रिकामं करतेय. तुझा डबा आहे आत. घेऊन जातोस का? नाहीतर तुझ्या भाऊजींकडे देते.

कपाटावर पासवर्ड लिहिणं हे अत्यंत बेजबाबदार आहे, असं मी तिला सांगणार होतो. म्हणालो, भाऊजींकडे दे.

ती म्हणाली, बरा आहेस ना?

४ डिसेंबर, गुरुवार

भाऊजींनी डबा आणला. तिने धुऊन दिला होता. भाऊजींनी तो ओट्यावर ठेवला आणि आईच्या गोळ्या द्यायला हॉलमध्ये गेले.

ताईने डबा हातात घेतला, झाकण काढून पाहिलं, पुन्हा लावलं. मग विचारलं, उद्यापासून भरू का?

नको म्हणालो.